झाड आमचं, वाक त्यांचा

गेल्या महिन्यात तालुक्याच्या गावी एक व्याख्यान झालं. विषय होता खासगी रानांची सुधारणा. वक्ते बाहेरगावचे होते, चांगले शिकलेले, हातात छडी आणि मागे भिंतीवर रंगीत तक्ता. त्यांनी सांगितलं की आपल्या किनाऱ्यावरच्या डोंगरांत निम्म्याहून अधिक झाडं कुचकामी आहेत. ती काढून टाकावीत आणि एकाच जातीचं, सरळसोट वाढणारं, एकदम तोडणीला येणारं झाड लावावं. "वाकडं झाड म्हणजे भाडं न देता जागा अडवून बसलेला भाडेकरू," असं ते म्हणाले. सभेतले वाडीवाले हसले. माझ्या शेजारच्या गृहस्थांनी ते वाक्य वहीत उतरवून घेतलं.

मला संताप आला. पण उठून एक शब्द बोललो नाही. उठलो असतो तर कुणीतरी विचारलं असतं, "तुम्हाला हो काय ठाऊक?" आणि मग सगळं सांगावं लागलं असतं. इतकी वर्षं जे अर्धं सांगत आलो ते आता पुरतं सांगतो. त्या वक्त्यांवरचा राग खरा आहे, पण तो त्यांच्यावर काढायचा हक्क मला आधी मिळवायला हवा.

आमची वाडी थळच्या दक्षिणेला, समुद्राला लागून. वाडीत नारळ-पोफळी, आणि वाडीच्या मागे रस्ता ओलांडला की आमचा डोंगर. डोंगर म्हणायचं एवढंच, वर चढायला अर्धा तास पुरे. पण त्यावर झाडं किती जातींची होती ते मला आजही धड सांगता येणार नाही, कारण मोजायची वेळ आली तेव्हा मी ती मोजली नाहीत. ऐन आणि किंजळ तर होतेच. खालच्या अंगाला आंबे, फणस, जांभळी, रातांब्याची चार झाडं. ओहोळाच्या काठी उंडी. वर कातळाजवळ हिरडा, कुडा, धामण, आणि नावं फक्त कातकरणींनाच माहीत असलेली कितीतरी. एकाही झाडाची रांग नव्हती. कोणी लावलंय आणि कोण आपोआप आलंय हे कुणी विचारत नसे.

त्या डोंगराचं उत्पन्न असं एका दिवशी हातात येत नसे. भातरोपाच्या आधी कुळं येऊन राबासाठी, म्हणजे रोपांची जागा भाजायला, टहाळ तोडत. उन्हाळ्यात हिरडा गोळा व्हायचा, तो व्यापारी नेई. उंडीच्या बियांचं तेल निघे; ते दिव्याला चाले आणि होड्यांनाही फासत. ऐनाची साल कोळी नेत. सुती जाळी त्या सालीच्या काढ्यात उकळून काढली की खाऱ्या पाण्यात कुजत नाहीत. वल्ह्यांना धामण. पत्रावळींना पानं. वर्षात असा एक महिना नव्हता की डोंगरावरून काहीच खाली आलं नाही. आणि असाही एक दिवस नव्हता की ज्या दिवशी आमच्या वडिलांनी म्हणावं, आज डोंगर पिकला.

मला हे पटत नसे. पुण्याला दोन वर्षं शेतकी शिकून मी परत आलो होतो. तिशीला टेकलो होतो, आणि सुधारणा हा शब्द मला देवाच्या नावासारखा वाटे. मिठाच्या सत्याग्रहाच्या दोन-तीन वर्षं आधीची ही गोष्ट. त्या वेळी मुंबईला जळण आणि कोळसा कितीही लागे. आमच्या पट्टीतले दोघे-तिघे वाडीवाले जुनी रानं कोळशाला देऊन मोकळ्या जागी सुरूची झाडं लावायला लागले होते. सुरू लवकर वाढतो, सरळ वाढतो आणि सात-आठ वर्षांत सगळा एकदम तोडता येतो. कागदावर हे गणित इतकं सुरेख दिसायचं की त्यात चूक असेल असं मनात येणंच मला अडाणीपणाचं वाटे.

वडील थकले होते. त्यांनी डोंगराचा कारभार माझ्याकडे दिला.

आता त्या वाकांचं सांगायला हवं.

होडीच्या पोटाला आतून ज्या वाकड्या फासळ्या लागतात त्यांना आमच्याकडे वाक म्हणतात. फळ्या त्यांच्यावर ठोकतात, आणि लाटेचा मार शेवटी त्याच सोसतात. वाक सरळ लाकूड कापून करता येतो, पण चांगला वाक झाडावरच वाकलेला असावा लागतो. म्हणून आमच्या गावच्या कोळ्यांची एक जुनी रीत होती. डोंगरावरचा कोवळा ऐन किंवा किंजळ हेरायचा, त्याच्या शेंड्याला किंवा जोमदार फांदीला काथ्याच्या दोरीनं दगड बांधायचा आणि तो लोंबता ठेवायचा. दिवाळीनंतर दरवर्षी येऊन गाठ सरकवायची, लागला तर दगड थोरला करायचा. चार-पाच वर्षांत बाक धरला की पुढे झाड नुसतं भरू द्यायचं. मग दगडाचं काम संपलं तरी तो काढायचा नाही. तो खूण म्हणून राहायचा. कुणाचा दगड कुठला ते सगळ्या कोळीवाड्याला पाठ असे.

झाडाची मालकी आमच्या घराची. पण त्याचा बाक ज्यानं दगड बांधला त्याचा. "झार तुमचा, वाक आमचा," असं कोळी म्हणत आणि आमचे वडील मान हलवत. याचा कागद कधी झाला नव्हता. होळीच्या आधी सुक्या बोंबलांची एक पाटी आमच्या ओटीवर येई, तोच कागद.

एका नाखव्याच्या बापानं अशी अकरा झाडं धरली होती. नाखवा म्हणजे होडीचा मालक आणि ती हाकणारा तांडेल, दोन्ही. हा नाखवा माझ्याहून चार-पाच वर्षांनी मोठा असेल. त्याच्या बापानं दगड बांधले तेव्हा तो चालायला लागला असेल-नसेल. बाप पुढे वारला, जुनी होडी ठिगळं लावून लावून निम्मी नवीच झाली होती, आणि झाडं आता भरली होती. त्या वर्षी नाखवा नवी होडी बांधणार हे साऱ्या गावाला माहीत होतं. त्याच्या घरात दुसरं काही नव्हतं. ना वाडी, ना शेत. होडी होती, आणि आमच्या डोंगरावरचे अकरा बाक.

दसऱ्याच्या सुमाराला तो माझ्याकडे आला. मी डोंगर देणार ही कुणकुण त्याला लागली होती. ओटीवर बसला नाही, खाली पायरीशी उभा राहिला.

"धाकले मालक, डोंगर इकताव आयकला."

"विचार आहे."

"इका. तुमचाच हाय. पन आमचे अकरा झार तवरे ठेवा. यंदाला होरी बांधाची हाय."

मी म्हटलं, "मग आत्ताच तोडून ने की."

तो हसला. शिकलेल्या माणसाला काही गोष्टी सांगाव्या लागतात, असं ते हसणं होतं. "आत्ता झार पान्यानं भरलेला हाय. आता तोरला तं किरा लागंल. मार्गशीर्षान काळोख्या पंधरवऱ्यान तोरू. सुताराला सांगून ठेवलाय."

"ठेवतो," मी म्हणालो.

"ठेवताव ना?"

"अरे, ठेवतो म्हणजे ठेवतो. शब्द दिला."

तो गेला. जाताना मला वाटलं, मी किती उदार आहे.

ठेकेदार दिवाळीच्या पाचव्या-सहाव्या दिवशी आला. मुंबईला त्याची कोळशाची वखार होती. बोलण्यात निम्मं गुजराती, पण माणूस गोड. माझ्याबरोबर तो डोंगराच्या पायथ्याशी फिरला आणि म्हणाला, "भाव सांगितला तो साफ डोंगरनो हां. साफ म्हणजे समदा साफ. आमची माणसं झाड बघून तोडत नाय."

मी विचारलं, दहा-पंधरा झाडं मधेमधे राहिली तर? चांगली नाहीत, वाकडीतिकडी आहेत.

"वाकडी? अरे भाऊ, भट्टीमां वाकडं-सीधं समदं सरखुं!" तो मोठ्यानं हसला. मग हसू आवरून त्यानं विचारलं, "कोणाचा हक-बिक तो नथी ना? मागे एका गावात कातकरी लोकांनी लफडा केला. हक असेल तो आपणाला डोंगर नको."

मी म्हणालो, "हक्क कसला? डोंगर आमचा आहे."

"तो बस. उद्या चढून जोई लेऊ."

इथपर्यंतची गोष्ट मी पुष्कळांना सांगितली आहे. पुढची सांगताना मी म्हणत असे की कोळ्यांच्या त्या रितीचं मला नीट ठाऊक नव्हतं, तोडणाऱ्यांनी चूक केली, मी गावात नव्हतो. त्यातलं शेवटचं खरं आहे. मी गावात नव्हतो.

दुसऱ्या दिवशी सकाळी ठेकेदार यायच्या आधी मी कोयता घेऊन एकटा डोंगर चढलो. ती अकरा झाडं शोधायला मला अडचण पडली नाही. दगड दुरून दिसत होते. काही दोऱ्या इतक्या जुन्या होत्या की त्यांच्यावर शेवाळ होतं. काही त्याच वर्षी बदललेल्या, काथ्या अजून पिवळा. बापानंतर लेक दरवर्षी येऊन गाठ सरकवत होता. वाक कधीच पक्के झाले होते तरी येत होता. मी एकेक दोरी तोडली. दगड पडले ते उतारावरून ढकलून दिले. दोरीचे तुकडे गोळा करून झुडपात कोंबले. ठेकेदार दुपारी चढला तेव्हा त्याला साफ डोंगर दिसला. हे का केलं, तर दगड दिसले असते तर त्यानं विचारलं असतं, हे कुणाचे? आणि दुसऱ्याचा हक्क असलेला डोंगर त्याला नको होता.

मग तोडणी सुरू व्हायच्या दिवशी मी अलिबागेला कचेरीत काम काढलं. काम नव्हतं. आठ दिवस एका ओळखीच्यांकडे राहिलो आणि रोज संध्याकाळी किनाऱ्यावर फिरायला गेलो. जिथून कुठलाच डोंगर दिसत नाही अशी जागा मी फिरण्यासाठी निवडली होती.

परत आलो तेव्हा डोंगर नव्हता. म्हणजे त्याचा आकार होता, पण तो आमचा डोंगर वाटत नव्हता. उघडा, तांबडा, मधेमधे कोळशाच्या भट्ट्या मातीनं लिंपलेल्या आणि त्यांतून पांढरा धूर. मोळ्या रचणाऱ्यांत आमच्याच बाजूचे कातकरी होते. जी रानं त्यांना मध आणि कंद देत होती ती जाळायची मजुरी त्यांना मिळत होती, आणि त्याबद्दल त्यांनी आमचे आभार मानायचे होते.

मार्गशीर्षात ठरल्याप्रमाणे नाखवा आला. बरोबर होड्या बांधणारा सुतार, आणि मागे नाखव्याची आई. ही बाई आमच्या दारात मासळी विकायला माझ्या जन्माच्या आधीपासून येई. मला ती कधी मालक म्हणाली नाही. बाला म्हणे. तिच्या भाषेत बाला म्हणजे पोर.

डोंगर उघडा झालाय हे त्यांना खालून दिसतच होतं. तरी ते वर गेले. अकरा झाडं राखली आहेत आणि धुरामागे असतील अशी त्यांची समजूत असावी. निदान नाखव्याची होती. मी त्यांच्यामागे गेलो. का गेलो ते सांगता येत नाही. कदाचित शिक्षा लवकर उरकावी म्हणून.

नाखवा एका बुंध्यापाशी थांबला, मग दुसऱ्या. बुंध्यावरून तो झाडं ओळखत होता. अकराव्या बुंध्यापाशी तो बसला. सुतार उभाच होता.

मी म्हणालो, "चूक झाली. तोडणाऱ्यांना कळलं नाही."

आई बोलली.

"त्यांना न्हाय कललं. तुला कललं काय रं बाला? दगर लोंबताना दिसलं न्हाय तुला?"

"मी इथं नव्हतो."

"बोंबील खाताना व्हतास ना? वरसाची पाटी खाताना बरा व्हतास तू घरान!"

ठाऊक नव्हतं असं म्हणणाऱ्या माझ्या तोंडाला त्याच कराराची मासळी लागलेली होती.

मी सुताराकडे वळलो. सागाचं लाकूड मी मागवून देतो म्हणालो, मलबारचं, सरळ, एक नंबर. लागेल तेवढं. सुतार म्हातारा आणि शांत माणूस होता. त्यानं मला समजावून सांगितलं, जणू मी गिऱ्हाईक होतो.

"सरळ लाकूड कापून वाक निघतो, निघत न्हाय असं न्हाय. पण लाकडातली रेघ तुटते. लाट अडाणी असते हो, पण तुटलेली रेघ तिला बरोबर सापडते."

"पण सगळेच करतात ना तसं आता?"

"करतात. आणि दर दोन वर्षांनी माझ्याकडं येतात. मला बरंच आहे ते."

एक भट्टी त्याच दिवशी उघडली होती. कातकरी कोळसा ओढून बाहेर काढत होते. नाखव्याची आई तिथे गेली आणि त्यांच्या ढिगातून एक तुकडा उचलला. लाकूड जळून कोळसा झालं तरी त्याचा आकार जात नाही हे मी तोवर कधी पाहिलं नव्हतं. हाताच्या कोपरासारखा बाक होता तो, काळा, चकचकीत, साल गेलेली पण दोरीची खोबण अजून दिसत होती. तो पदरात घेऊन ती डोंगर उतरली, सरळ आमच्या घरी गेली आणि वडील ओटीवर बसले होते त्यांच्या पुढ्यात तो ठेवला.

"घ्या. होरी बांधा याची."

वडिलांनी कोळशाकडे पाहिलं आणि मग माझ्याकडे. ती गेल्यावर मी त्यांना विचारलं, "तुम्हाला तर सगळं माहीत होतं. मला अडवलं का नाहीत?"

"तुला शिकायला पुण्याला पाठवलं होतं," ते म्हणाले. "मी काय सांगणार तुला?"

यावरही मला राग येतो. ते गेले, पण राग राहिला. माणूस शिकला की त्याला सांगायचं काहीच उरत नाही असं ज्यांनी आयुष्यभर रानात काढलं त्यांना वाटावं, ही कसली विद्या आम्ही घरी आणत होतो? आणि घेऊन येणारे आम्ही, आम्हीही त्यांचा तो गैरसमज दूर केला नाही.

त्या वर्षी नाखव्याची होडी झाली नाही. माझे पैसे त्यानं घेतले नाहीत. सुतारामार्फत दोनदा पाठवले, दोनदा परत आले. जुनी होडी आणखी एक पावसाळा टिकली आणि मग तिचं जळण झालं. नाखवा दुसऱ्याच्या होडीवर खलाशी म्हणून जाऊ लागला. बापाच्या वेळेपासून ज्याला सारे नाखवा म्हणत आले त्याला तोंडावर कुणी दुसरं काही म्हणालं नाही. पण होडीवर हुकूम दुसऱ्याचा. त्याची आई आमच्या दारात पुन्हा आली नाही. आम्ही मासळी दुसरीकडून घेऊ लागलो. तिला चव नव्हती असं मी म्हणालो तर लेखकी होईल. चव होती. आम्ही खात होतो.

पुढच्या पावसाळ्यात मी डोंगरावर सुरू लावला. रांगांत, दोरी धरून. दोन वर्षांत तो माझ्या डोक्याच्या वर गेला आणि लोक बघायला येऊ लागले. मी कुंपण घातलं, कारण गुरं आणि माणसं दोन्ही कोवळी झाडं मोडत. टहाळ तोडायला आलेल्या कुळांना मी परत पाठवलं. टहाळ तोडायला आता झाडंच कुठली होती? ती मग गावापासून कोस-कोसभर लांब जाऊ लागली.

आणि याच सुमाराला सत्याग्रह आला. आधी मिठाचा, मग पावसाळ्यात जंगलाचा. सरकारनं गावकऱ्यांना रान बंद केलं, त्याविरुद्ध लोक कोयते घेऊन निघत होते. मी सभेला गेलो होतो. खादी घालून गेलो होतो. पिढ्यान्‌पिढ्या ज्यांनी रान राखलं त्यांना त्यातली काडी तोडायची चोरी, असं वक्ता म्हणाला तेव्हा मी टाळ्या वाजवल्या. माझ्यापुढे तीन-चार रांगा सोडून नाखवा बसला होता. त्यानं मान वळवली आणि मी टाळ्या वाजवताना पाहिलं. पुन्हा पुढे बघू लागला. त्यावेळी त्यानं उठून माझं नाव घेतलं असतं तर बरं झालं असतं. पण सरकारविरुद्ध बोलायला माणसाला जेवढी छाती लागते त्याहून अधिक गावातल्या मालकाविरुद्ध बोलायला लागते, हे त्या सभेत कुणी सांगितलं नाही. सांगायचं काम माझं होतं.

सुरूचं पुढे काय झालं ते थोडक्यात सांगतो, कारण त्या व्याख्यानात ते कुणी सांगितलं नाही. किनाऱ्याच्या वाळूत सुरू छान येतो. आमच्या डोंगराच्या जांभ्या खडकावर मातीचा थर जेमतेम. चौथ्या-पाचव्या वर्षी वरच्या रांगा शेंड्याकडून वाळायला लागल्या. एक वाळला की शेजारचा, तोही सुरूच. मधे अडवायला दुसरं झाड नव्हतं. उरला तो तोडणीला आला तेव्हा मंदी होती, आणि आमच्या पट्टीतला प्रत्येकजण एकाच वेळी, एकच लाकूड घेऊन, एकाच ठेकेदाराच्या दारात उभा होता. तो गोड बोलणारा माणूस तेव्हाही गोड बोलला. "भाऊ, समदाचं सरखुं लाकूड. कोणाचं घेऊ?"

जुन्या डोंगरानं आम्हाला कधी एकरकमी श्रीमंत केलं नव्हतं हे खरं. पण हिरड्याचा भाव पडला म्हणून उंडीला फळं यायची थांबली नव्हती. मंदी आहे म्हणून फणसानं उपास पाडला नव्हता. आणि ज्या झाडाचा आम्हाला काडीचा उपयोग नव्हता, त्यावर कुणाची तरी होडी टांगलेली होती. हे उत्पन्न कुठल्या तक्त्यात मांडतात ते त्या छडीवाल्या वक्त्यांना मी विचारायला हवं होतं.

सुरू काढला तेव्हा एक गोष्ट दिसली. ऐनाचे जुने बुंधे मेले नव्हते. रांगांच्या सावलीत त्यांना फुटवे आले होते आणि आता उजेड मिळताच ते सरसर वाढू लागले. मी कुंपण काढून टाकलं आणि पाच-सहा वर्षं त्या डोंगराला हात लावला नाही. हे शहाणपण म्हणून केलं नाही. नवीन काही लावायची उमेद नव्हती. पण ऐन आले, त्यांच्यामागून किंजळ, पाखरांनी आणलेली जांभूळ, कुडा. मागच्या दिवाळीनंतर मी चढून गेलो तेव्हा काही ऐन मनगटाएवढे झालेले होते.

मी घरी आलो, काथ्याची दोरी घेतली आणि कोळीवाड्यात गेलो. दहा वर्षांहून अधिक काळात मी त्या गल्लीत पाय ठेवला नव्हता. नाखव्याची आई वारली होती. तो जाळं विणत बसला होता. केस पिकलेले.

"डोंगरावर ऐन आलेत," मी म्हणालो. "वाक धरायचे आहेत. मला येत नाही. येशील का?"

त्यानं जाळ्यात आणखी एक गाठ मारली.

"कोनाचे वाक?"

"तुझे."

"मागं बी तुमी हाच बोल्लेलाव."

मी तिथेच उभा राहिलो. मग जे इथे वर लिहिलं आहे ते त्याला सांगितलं: कोयता मीच चालवला, दगड मीच ढकलले, दोऱ्या झुडपात कोंबल्या. इतक्या वर्षांत पहिल्यांदा. मला वाटलं तो चिडेल.

"ठाव हाय," तो म्हणाला. "सुताराला घेऊन वर आलो त्याच दिशी, तुमी पोचाच्या आदी, दोऱ्या आमाला गावल्या. झाराखाली न्हाय, झुरपान. कातकऱ्यांना दोरी लपवाची काय गरज?" आणि त्यानं पुन्हा मान खाली घातली.

म्हणजे त्या सभेत मी टाळ्या वाजवत होतो तेव्हा त्याला ठाऊक होतं. त्याच्या आईला डोंगरावर, माझ्या तोंडाकडे बघताना ठाऊक होतं. मीच एकटा इतकी वर्षं गुपित राखत बसलो होतो.

मी एकटाच डोंगरावर गेलो. खाली ओहोळात धुंडाळून दगड आणले. त्यांतले काही तेच असतील, मला ओळखता येत नाहीत. आठवतं तसं बांधले. सहा झाडांना बांधून झाले तेव्हा तो वर आला. पहिल्या झाडापाशी जाऊन गाठीखाली बोट घालून पाहिलं. बोट गेलं नाही. मी इतकी आवळून बांधली होती की वर्षात साल कापली गेली असती आणि शेंडा मेला असता. त्यानं ती सोडली, सैल बांधली. मग दुसरी. सहाही गाठी त्यानं पुन्हा बांधल्या, हात झटकले आणि उतरून गेला.

ही क्षमा होती असं कुणी समजू नये. माझ्या हातानं झाड मरताना त्याला दुसऱ्यांदा बघवलं नाही, एवढंच. हे वाक भरायला अजून पंधरा-वीस वर्षं आहेत. तेव्हा तो साठीच्या पलीकडे असेल आणि होडी त्याच्या उपयोगाची नसेल. त्याचा मुलगा मुंबईला गोदीत लागला आहे. तो परत येईल की नाही मला माहीत नाही. नवी होडी कुणासाठी, याला उत्तर नाही, आणि ते नाही याला कारण मी आहे.

पण या होळीला कुणी पाटी आणून दिली तर ती घ्यायची नाही असं मी घरात सांगून ठेवलं होतं. कुणी आणली नाही. दिवाळीनंतर गाठी सरकवायच्या आहेत. मी त्याला बोलावायला जाणार नाही. बोट आत जाईल इतकी सैल, हे मला आता ठाऊक आहे. आणि ते व्याख्याते पुन्हा तालुक्याला आले, तर या वेळी मी उठणार आहे.